नळीवरची चिठ्ठी

ताई,

आमच्या प्रयोगशाळेत तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. "मला काय धाड भरलीय," म्हणत तू हात पुढे केलास. नळीवर मी मोठ्या अक्षरांत ‘निरोगी’ अशी चिठ्ठी लावली.

रक्तात कर्करोगाची खूण सापडली की आम्ही त्यात मिसळलेले अतिसूक्ष्म कण हिरवे चमकतात. काल तुझी नळी चमकली. मीच नळ्यांची अदलाबदल केली असणार, म्हणून स्वतःलाच शिव्या घालत तीनदा तपासली. तिन्ही वेळा हिरवी.

डॉक्टर म्हणतात, पुढच्या तपासण्या लगेच करू. असलाच तर अगदी सुरुवातीचा असेल.

हे पत्र टाकत नाही, तू एकटीच वाचत बसशील. सकाळी मीच येते. नळीवरची चिठ्ठी मात्र काढलेली नाही. ती खरी ठरेपर्यंत माझ्या तावडीतून तुझी सुटका नाही.

तुझी धाकटी