पोरं खाली, मी वर

शनि., ८ नोव्हें.

दप्तरं रिकामी केली. वह्यापुस्तकं पलंगावर, त्यांच्या जागी चादरी, स्वेटर, तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाची चटणी. चैतीच्या दप्तराच्या तळाशी अर्धा खोडरबर नि कुरकुऱ्यांचं रिकामं पाकीट. तिने मुकाट्याने काढून घेतलं. दर्श पाण्याची बाटली स्वतः उचलणार म्हणून रडला, स्टँडपर्यंत उचलली, मग आली माझ्याच गळ्यात.

सासूबाई वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "लोकं सुट्टीत पोरांना बीचवर आणतात. आमची सून बीचवरनं उचलून रानात नेते. हौसेला मोल नाही." हसले फक्त. बोलले असते तर बस चुकली असती.

नि. बोटीवर. फोन लागत नाही. नवरा समुद्रात असला की 'कुठे आहेस' विचारण्यात अर्थ नसतो, उत्तर काय तर पाण्यात.

बसने कासा, पुढे जीप. दुपारी काकांच्या पाड्यावर. माहेरी रानशेतला नाही गेले मुद्दाम. माहेरी गेलं की डोंगर होत नाही, जेवणावळी होतात. इथे काका-काकू अंगण देतात, वर काही विचारत नाहीत. उद्या वर.

रवि., ९ नोव्हें.

माथ्यापर्यंत गेलो! दर्श पाचच वर्षांचा, पण शेवटचा चढ चारी हातापायांवर चढला, माकडासारखा. वाटेत त्याच्या पायाखालचा दगड सुटला आणि खाली गडगडत गेला. बराच वेळ आवाज येत राहिला. मी हसून म्हटलं "काही नाही", आणि त्याची कॉलर धरली.

चैती त्याचा हात सोडत नाही. मी सोड म्हटलं तरी नाही. आठ वर्षांच्या पोरीने जरा तरी वेड्यासारखं वागावं. तिचं हे शहाणपण कधीकधी टोचतं मला.

माथ्यावरून पश्चिमेला एक चकचकीत रेघ दिसते. दर्श ओरडला, "पप्पा तिकडे!" दोघं त्या रेघेकडे हात हलवत बसले. मला डोंगर दाखवायचा होता. असो.

रवि., १६ नोव्हें.

गेलो नाही. नि. घरी होता. जाळं शिवता शिवता म्हणाला, "सारखं सारखं काय आहे तिथे?"

म्हटलं, "मी आहे तिथे. इथे तुझी बायको आहे."

त्याला कळलं की नाही कोण जाणे. प्रेमविवाहात एवढं एक वाईट, भांडताना कुणाला मध्ये घालता येत नाही. पण पुढच्या शनिवारी जा म्हणाला. पोरांना सांभाळ, असंही म्हणाला. जसं काही मी त्यांना विकायला नेते.

रवि., २३ नोव्हें.

घरी पोचलो. दोघं ठीक आहेत. दोघं ठीक आहेत. लिहवत नाही.

सोम., २४ नोव्हें.

दवाखान्यात कामावर आज दोनदा चुकीच्या पेशंटला आत पाठवलं. डॉक्टर म्हणाले, बरं नाही का? म्हटलं, झोप नाही. लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

काल सकाळी चढत होतो. निम्म्यावर माझ्या पायात काटा मोडला. चपलेतून आरपार. समोर वरच्या वळणावर आंबा दिसत होता, स्पष्ट. म्हटलं, "आंब्याखाली जाऊन थांबा, मी आलेच." चैतीने दर्शचा हात धरला आणि निघाली. मी टाचेतला काटा पिनेने काढत बसले. तेवढ्यात वरून गुरं उतरली. भातं कापून झाली की इकडे गुरं मोकळी सोडतात, राखायला कुणी नसतं. माझ्या अंगावरून गेली, मी शेपटाला हात लावून बाजूला केली. गुरांना कुणी घाबरतं हे माझ्या डोक्यातही नाही आलं.

आंब्याखाली गेले तर कुणी नाही.

आधी वाटलं लपलेत. मग ओरडले. मग अजून ओरडले.

मग मी वर धावले. विचार नाही केला, पाय आपोआप वर गेले. आमच्याकडे पोर चुकलं की ते उघड्यावर चढतं आणि तिथून कूऽऽ घालतं. गुरांमागे जाणारं बारकं पोरसुद्धा हे करतं. हे कुणी शिकवत नाही. तहान लागली की पाणी प्यायचं हे कोण शिकवतं? माथ्यावर जाऊन चारी बाजूंनी हाका मारल्या. खाली पाड्यावर ऐकू गेल्या, काका आले, पाड्यावरची माणसं आली, सगळे वरच. पलीकडची सोंड, वरचं टेपाड, कडा. कड्याच्या टोकाशी काका पोटावर झोपून खाली बघत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. तो वेळ मला पुन्हा नको. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पोरं खाली होती. गुरांना भिऊन चैतीने दर्शला वाटेवरून खाली गवतात ओढलं. गवत तिच्या डोक्याच्या वर. गुरं गेल्यावर वाट सापडेना. मग तिला पाण्याचा आवाज आला. ओहोळ. आजीने शिकवलंय ना, यात्रेत, बाजारात, कुठेही हरवलात तर पाण्याकडे जायचं, पाणी धरून चालायचं, आपलं घर येतं. डहाणूच्या किनाऱ्यावर येतंच. सगळे ओळखीचे, दहा पावलांवर कुणीतरी मावशी मासे निवडत बसलेली.

म्हणून ती माझी शहाणी पोरगी ओहोळात उतरली आणि दर्शला घेऊन वाहत्या पाण्याच्या बाजूने चालत राहिली. दगडांवरून. मी जितकी वर, ती तितकी खाली. खोल घळीत हाक कुठली पोचायला.

खालच्या बंधाऱ्यावर दोघे जण खेकडे धरत होते. चैती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "काका, समुद्र अजून किती लांब आहे?"

त्यांनीच मोटारसायकलवर बसवून पाड्यावर आणलं. एक जण म्हणे आधी हसला. मग तिचे गुडघे बघितले आणि हसायचा थांबला.

दोघं समोर दिसली आणि माझा हात उठला. चैतीवर. काकूने वरच्यावर धरला. "आता कशाला गं बाय, आली ना पोरं." मग मिठी मारली, रडले, सगळं केलं. पण चैतीने हात बघितला होता.

बुध., २६ नोव्हें.

नि. आज आला. अंगणात पाय टाकायच्या आत सासूबाईंनी सांगितलं. बरंच झालं, मला सांगावं नाही लागलं.

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. चैतीचे गुडघे बघितले, दर्शला मांडीवर घेतलं, जेवला नाही. मग मला म्हणाला, "पुन्हा नाही."

मी म्हटलं, तू दर आठवड्याला जातोस. वादळ-वारा, फोन बंद. मी म्हटलं का कधी पुन्हा नाही?

"मी पोरांना नेत नाही बोटीवर."

मी त्याचं न उष्टावलेलं ताट उचललं.

शुक्र., २८ नोव्हें.

चैती शाळेतून येताना दर्शच्या वर्गाबाहेर उभी असते, बाई हुसकावतात तरी. घरी तो संडासात गेला तरी दाराशी. बोलते सगळं, जेवते, अभ्यास करते. माझ्याशी नीट बोलते, पाहुण्यांशी बोलतात तसं.

आज तिचे केस विंचरत होते. अचानक:

"आई, तू वर का गेलीस? मी खाली होते ना."

म्हटलं, आमच्याकडे हरवलं की वर जातात, बाळा. वर गेलं की दिसतो आपण.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

कंगवा तसाच हातात. मला वाटलं रक्तातून येतं हे सगळं. चालणं, चढणं, कुठे थांबायचं ते. अर्धं माझं रक्त आहे की तिच्यात. पण रक्ताला कुठे काय माहीत असतं. सांगावं लागतं. हे तिला नाही म्हणता आलं. वेणी घातली, घट्ट झाली.

बुध., ३ डिसें.

वारा. बाकीच्या बोटी कालच परतल्या. नि.ची नाही. बोट हाकणारा तांडेल जुना आहे, कुठेतरी खाडीत घुसला असेल, सगळे म्हणतात. मीही म्हणते.

चैती आजीजवळ जाऊन उभी. "आजी, बोट हरवली तर ती कुठे जाते?"

सासूबाईंकडे सगळ्याला उत्तर असतं. आज नुसत्या बोंबील उलटत राहिल्या, उलटलेलेच पुन्हा उलटले.

गुरु., ४ डिसें.

आला. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने ओढत आणलं. डोळे लाल. चहा दिला, साखर दोनदा घातली. चैतीने त्याचा शर्ट धरून ठेवला, तो आंघोळीला जाईपर्यंत.

संध्याकाळी सासूबाई मागीलदारी माझ्याशेजारी येऊन बसल्या. कधी बसत नाहीत. म्हणाल्या, "हा पहिल्यांदा बोटीवर गेला ना, अठराचा होता. पाण्यात पडला. जाळ्याबरोबर ओढला गेला. वर काढला तेव्हा निळा पडलेला."



"दुसऱ्या खेपेला डबा मीच भरला. रडत होती, पण भरला. नायतर किनाऱ्यावरनं पाण्याकडे बघत जन्म काढला असता त्याने."

मग उठल्या. जाता जाता, "तुझं तू बघ. मी काय रानातली नाय." लग्नाला दहा वर्षं झाली, ही बाई माझ्या बाजूने बोलते आहे हे समजायला मला बराच वेळ लागला.

शुक्र., १२ डिसें.

दर्श शाळेत सांगत फिरतो की तो डोंगरावरून समुद्रापर्यंत चालत गेला. बाईंनी मला विचारलं, खरं का? म्हटलं, निघाला होता.

त्याला पुन्हा जायचंय. चैतीला नाही. "तू जा. दर्शला नेऊ नकोस." आठ वर्षांची पोर मला परवानगी देत नाही!

नि.शी बोलले. तो म्हणाला, चैती म्हणेल तसं करू. इतका राग आला. आपल्याला ठरवता येत नाही म्हणून पोरीच्या डोक्यावर? आधीच धाकट्याला सांभाळून सांभाळून तिची मान मोडली. म्हटलं, ठरवणार मी. चुकले तर शिव्याही मीच खाणार. तुला यायचं तर ये.

"मला चढता येतं का?"

"मला पोहता येतं का? तरी तुझ्या घरात आले ना."

हसला. बऱ्याच दिवसांनी. पण हो म्हणाला नाही.

शनि., २० डिसें.

पाड्यावरून लिहितेय. ऊन कलतंय, काकू वालाच्या शेंगा सोलतेय, दर्श कोंबड्यांच्या मागे. चैती आली आहे. कशी आली ते माझं मलाच नीट कळलेलं नाही.

काल रात्री मी दर्शचं आणि माझंच दप्तर भरलं. तिला काही बोलले नाही. सकाळी बघते तर ती आवरून दारात. आपलं दप्तर भरून. आजीने भाकऱ्या दोघांऐवजी तिघांच्या केल्या होत्या, म्हणजे आजीला माहीत होतं. मलाच नव्हतं.

नि. स्टँडपर्यंत आला. बस सुटेपर्यंत चैतीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर. म्हणाला, "फोन लागला नाही तर?" म्हटलं, तुझा लागतो? खिडकीतून दप्तर आत दिलं आणि बस वळेपर्यंत तिथेच उभा. किनाऱ्यावर मी उभी राहते तशी. कसं वाटतं ते कळू दे म्हणावं, असं मनात आलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

आल्या आल्या मी दोघांना अंगणामागच्या टेपाडावर नेलं. सांगितलं, सगळं, तोंडाने. चुकलात तर आधी जागच्या जागी थांबा. थांबून कुणी आलं नाही तर चढाची बाजू धरा, झाडं संपतात तिथवर. ओहोळात उतरायचं नाही. आणि कूऽऽ घालायची, अशी, पोटातून. दर्शने इतकी मोठी घातली की काकांची बैलं उठून उभी राहिली. चैतीने घातली नाही. ओठ हलवले फक्त.

मग खाली येताना विचारलं तिला, उद्या वर येशील?

"उद्या सांगेन."

बरं.

थोडी पुढे गेली, थांबली. गुडघ्यावरचे डाग अजून काळपट आहेत. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आले तर तू आमच्यापुढे चालायचं. मागे नाही. मला दिसायला पाहिजेस."

दर्शला मध्ये, म्हटलं, आणि तू शेवटी?

"हो. मी शेवटी. तू हरवलीस तर मी लगेच हाक मारीन."

आता ती काकूजवळ शेंगा सोलायला बसली आहे. एक डोळा दर्शवर, एक माझ्यावर. मी वहीत बघतेय असं दाखवतेय.