पुढच्या दारानं

माय, आपल्या गावातल्या, रोहण्यातल्या त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तूही बोलली नाहीस. नागपूरहून बुद्धाची दीक्षा घेऊन आल्याला काही महिनेच झाले होते. बाने देव घराबाहेर काढले होते, कोनाडा रिकामा होता, आणि वस्तीने ठरवलं होतं की गावकीची कामं आता बंद. मेलेलं जनावर ओढणं बंद, आणि बायकांनी वरच्या आळीत बाळंतपणाला जाणंही बंद. तू गावची सुईण, आजीपासून चालत आलेली. नाळ कापायची, वार पुरायची, दहा दिवस विटाळाचे कपडे धुवायचे. परसदारानं जायचं, परसदारानंच यायचं, आणि तुझी पाठ फिरली की मागे गोमूत्र शिंपडलं जायचं. मी सातवीत होते. दीक्षेच्या प्रतिज्ञा वाचून तुझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्या त्या मीच, त्यामुळे घरात माझा आवाज जरा वाढला होता.

उन्हाळ्यातली दुपार आहे. तू भाकरी थापतेस, आणि अंगणाबाहेर एक तरुण शेतकरी येऊन उभा राहतो. त्याच्या बापाच्या भाजीच्या मळ्यात तू निंदायला जायचीस. त्याची बायको सकाळपासून अडली आहे, मूल पायाकडून येतंय. बैलगाडीत घालून पुलगावच्या दवाखान्यात न्यावं तर ती वाटेतच जाईल, असं तो खाली बघत सांगतो. बा आवाज चढवत नाही. ठराव झाला आहे एवढंच म्हणतो आणि आपल्या दारात आडवा उभा राहतो. मी तुझ्या पदराला धरून म्हणते, "माय, जाऊ नको. पुन्हा तेच सुरू होईन." तू पीठ लागलेले हात पुसतेस आणि माझ्याकडे अशी पाहतेस, की माझा हात आपोआप सुटतो.

"कळा तिले येऊन राह्यल्या," तू म्हणालीस, "तिच्या सासऱ्याले नाई."

मग बाच्या खांद्यावरून तू त्या तरुणाला सांगितलंस, पुढच्या दारानं येईन, आणि वार नि कपडे तुमचे तुम्ही पाहा. त्याने मान डोलावली. बा शेवटी बाजूला झाला, पण तुझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

मी तुझ्यामागे आले ती काळजीने नव्हे, माय. तू खरंच पुढच्या दारानं जातेस का, ते मला बघायचं होतं. त्यांच्या ओट्यावर म्हातारा सासरा बसला होता, काठी दारात आडवी टाकून. परसाकडून जा, एवढंच तो बोलला. तू पायरीवर थांबलीस. परसाकडे वळली नाहीस. आतून त्या पोरीचं ओरडणं येत होतं. परत फिर, असं मी मनात म्हणत होते, आणि त्याच श्वासात, आत जा. तिचा नवरा बापाला ओलांडून पुढे झाला नाही. मग सासू बाहेर आली, वाकून म्हाताऱ्याची काठी उचलून तिने भिंतीला लावली आणि म्हणाली, "ये वो."

दिवस कलता कलता मुलगी झाली, जिवंत. तू पुढच्या दारानंच बाहेर आलीस. सासूने सुपात ज्वारी आणली, तर तू घेतली नाहीस. "घरी आणून देजा," म्हणालीस. ज्वारी घेऊन कोणीही आलं नाही.

संध्याकाळी वस्तीतल्या माणसांनी तुला बोलावलं. "मी पुढच्या दारानं गेली," असं तू सांगितलंस. त्यावर एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "दार बदललं बाई, काम तेच राह्यलं." तेव्हा मला तो बरोबर वाटला होता. आज मला दोघंही बरोबर वाटतात, आणि त्याने काहीच सुटत नाही.

पावसाळ्याआधी बाने आपल्याला पुलगावला नेलं. तिथल्या लष्कराच्या डेपोत त्याला हमाली मिळाली. आपल्या खोल्यांच्या ओळीत तेलुगू, छत्तीसगढी, एक पंजाबी कुटुंब. शेजारची तेलुगू बाई बाळंत झाली तेव्हा तू न बोलावता गेलीस. तिने नंतर आपल्या ताटातला भात तुला वाढला. घरी येऊन तू बाला सांगितलंस, "तिनं माही जात इचारली नाई. तिले मराठीच येत नव्हती." रोहण्यातल्या त्या दिवसानंतर बा तुझ्याबरोबर पहिल्यांदा हसला.

तीन वर्षांनी दाईच्या शिक्षणासाठी माझी मुलाखत झाली. घरात कोणी हे काम करतं का, असं दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आई मजुरी करते. मला लाज वाटली, दुसरं काही कारण नव्हतं. परतताना तू, काय विचारलं, असं म्हणालीस, तर शाळेचं विचारलं, असं मी सांगितलं. तू बरं म्हणालीस आणि माझी पिशवी आपल्या हातात घेतलीस. माय, तू उघड्या दाराबाहेरच्या बाकावर हाताच्या अंतरावर बसली होतीस. तुला ऐकू गेलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.