शेवटच्या पानावरचं भूत

मिलर्सफोर्ड, ओहायो
१२ ऑक्टोबर

डीना,

आशीर्वाद वगैरे. आम्ही ठीक, तूही बरी असशीलच. पण असली पुस्तकं पोरीला धाडायची अक्कल तुला दिली कुणी? फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय.

पोरीला अजून चार पुरी नाहीत आणि तू हॅलोविनचं पुस्तक पाठवतेस, तेही वाचायचं नाही, दाबायचं न् उचकटायचं! भोपळ्याचं नाक दाबा. पुस्तक हलवा, वटवाघळं उडतील. चेटकिणीच्या कढईवर फुंकर घाला. मी आठवीत शाळा सोडली, तरी पुस्तक हलवून त्यातून काही पडत नाही एवढं मला कळतं. ज्याने हे काढलं तो शिकलेला असेल, पण त्याच्या घरात पोर नसणार.

तुझी ओपल दिवसभर फुंकरा मारते. थुंकीने पानं फुगली. तेही चाललं असतं.

पण ते शेवटचं पान! खऱ्या कापडाची इवलीशी चादर चिकटवलेलं भूत. चादर वर केली की खाली हसणारी आई. "घाबरलीस? अगं, मीच ती!" झालं. आता बाईसाहेबांना चादर दिसली की उचलायची असते. चर्चच्या जेवणात टेबलावरचं कापड ओढलं, बीन्सचं पातेलं पाद्रीसाहेबांच्या बायकोच्या मांडीवर. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर भूत उभं केलंय, त्याची चादर फेडली. आत सांगाडा. दुसरं पोर किंचाळलं असतं. ही म्हणाली, "ही नाही," आणि पुढे चालू लागली.

मग शेजारच्या वांडाचं धुणं. दोरीवरची एकेक चादर उचलून खाली बघत होती.

"काय हरवलं गं, चिमणे?" वांडाने विचारलं.

"आई."

वांडा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? तुझ्या चादरीवरचे कॉफीचे डाग बघ, तसेच आहेत." दुसरं काय बोलणार?

दोन महिन्यांसाठी म्हणून कोलंबसला गेलीस, ती मार्चमध्ये. गोदामात नोकरी लागली, छान. मग तो कर्टिस आला, आणि त्याला म्हणे घरात पोराचा आवाज सोसत नाही. माणूस आहे की आजारी बोका? जाऊ दे, त्याच्यावर मी काही लिहिणार नव्हते.

काल बिछाना घालताना चादर झटकली, ती माझ्याच डोक्यावर पडली. ओपल दारातून पळत आली. एवढं पळताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. चादर ओढली. वर बघितलं.

"तूच आहेस," म्हणाली.

मी चादर घातली, उशीचे अभ्रे घातले. स्वयंपाकही पडला होता.

एकतीसला, हॅलोविनच्या संध्याकाळी, सहाचा भोंगा झाला की गावातली पोरं चादरी पांघरून गोळ्या-चॉकलेटं मागत फिरणार. ओसरीचा दिवा दिसला की आपल्याही पायऱ्या चढणार. आणि ही एकेकाची चादर उचलणार. मला आधीच बजावून ठेवलंय, "सगळ्यांच्या बघायच्या, आजी. तू घाई करायची नाहीस."

येणार असलीस तर चादर पांघरून ये, आणि ते लाल बूट घाल, तिला ते माहीत आहेत. कर्टिसला गाडीतच बसव. येणार नसलीस तर तसं लिही. मग ते शेवटचं पान मी डिंकाने बंद करून टाकते आणि त्या दिवशी ओसरीत दिवा लावत नाही. बल्ब गेला म्हणून सांगेन पोरीला.

कारणं लिहू नकोस, मला ती वाचायला वेळ लागतो. हो की नाही, एवढंच. चोवीस तारखेच्या आत.

डिंक आणून ठेवलाय. उघडलेला नाही.

तुझी आई