माझा हात दाबा

सुधन्वा,

तुझी चेतना बिल्कुल ठीक आहे. आज द्वारकेतल्या आमच्या हॉस्पिटलात तिच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला भूल मीच दिली. आपलं लग्न ठरलं होतं, हे तू तिला सांगितलेलं दिसत नाही. तिने मला सरळ ‘ताई’ म्हटलं.

ती झोपल्यावर स्नायू सैल करणारं औषध दिलं. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेना. तासभर तिचा श्वास माझ्या मशीनवर होता, आणि मंगळसूत्र काढलेला तिचा गळा मी नको तितका पाहिला.

मग औषधाचा उतारा दिला, घशातली श्वासाची नळी काढली. ताकद परतली का बघायला म्हटलं, “माझा हात दाबा.”

तिने मिटल्या डोळ्यांनी घट्ट दाबला. “सुधन्वा, तूच ना?”

आता ‘सोडा’ म्हणायचं असतं. मी ‘हो’ म्हणाले.

हे तुला न पाठवणारी,
रेवती