इरु आणि आरु

१ एप्रिल
तोयामाला पोचले, रुजूही झाले. शीतगृहांची यंत्रं बनवणारी कंपनी. मी त्यांच्या माहितीपुस्तिका लिहिणार. खिडकीतून तातेयामा डोंगरावरचा बर्फ दिसतो, मजा आहे माझी! शेजारच्या टेबलावरचे ओरिहारा-सान तीस वर्षं हेच काम करतात. दुपारी त्यांनी डब्यातला निम्मा मासेभात मला दिला आणि बजावलं, "मोमोसे-सान, माझ्याशी खुशाल भांडा, तपासनिसाशी नको. तो इथे सगळ्यांचा बाप आहे." तपासनीस म्हणजे संगणकातला व्याकरण तपासणारा. इथला प्रत्येक कागद त्याच्या हाताखालून जातो.

८ एप्रिल
असा तपासनीस मी किती वर्षं शोधत होते! मागच्या नोकरीत एका वाक्यात मी कर्ता गाळला. झडप कोणी बंद करायची तेच कळेना. दोघांनी ते एकमेकांवर सोडलं आणि एकाचा हात गेला. तेव्हापासून माझा माझ्याच वाक्यांवर विश्वास नाही. याने आज माझे चार गळलेले कर्ते पकडले. हा कधीच चुकत नाही म्हणे. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

१६ एप्रिल
सकाळचा हजेरी-अहवाल नवख्याने लिहायचा, म्हणजे मी. 'ओरिहारा-सान विभागात आहेत' लिहिलं, तर 'इरु'खाली लाल रेघ! सुचवलं काय, तर 'आरु'. आमच्या जपानीत अर्थ दोन्हींचा 'आहे'च. पण इरु जिवंताला, आरु टेबलखुर्चीला. ही चूक आमच्याकडे चार वर्षांचं पोरही करत नाही. ओरिहारा-सानना दाखवलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "बसून बसून फर्निचरच झालोय की मी! टाका स्वीकारून." रेघ पुसल्याशिवाय अहवाल पुढे जात नाही. मी स्वीकारलं.

१७ एप्रिल
ओरिहारा-सान गेले. सकाळी दहाला, खुर्चीतच. मी दोनदा हाक मारली. त्यांचा चहा अजून गरम होता.

२३ एप्रिल
आज तीच रेघ विभागप्रमुख कुसाकाबे-सानच्या वाक्यात. मी हात लावला नाही. ते चिडले, एका रेघेपायी अहवाल अडवता म्हणाले, आणि स्वतःच बटण दाबलं. मी सांगायला हवं होतं. काय सांगणार होते पण?

२४ एप्रिल
कुसाकाबे-सान जिन्यावरून पडले. जागच्या जागी गेले. तो चुकत नाही. तो कधीच —

२८ एप्रिल
माझं नाव. इरु. लाल रेघ.
बटण दाबलं नाही. राजीनामा टेबलावर ठेवून घरी आले. मला जगायचंय. आता लिहीन ते फक्त या वहीत. कागदावर तो कसा येईल?

३० एप्रिल
सकाळ. दार बंद. भीती वाटली की हेच लिहायचं, पेनाने, माझ्या हाताने —
मी घरी इरु.
मी घरी इरु.
मी घरी आरु.
नाही — चूक झाली — खोडते —
घरी आरु.
अगं, कर्ता — कर्ता कुठे