आजारी बाईची हजेरी

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्याहून म्हातारी आहे. तेव्हा जरा मान देऊन ऐक. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी बोलते, नात लिहिते आणि मधूनमधून मला हसते.

गेल्या आठवड्यात सुनेला ताप चढला. ती नगर निगमची, म्हणजे नगरपालिकेची झाडूवाली; खरं तर निगमच्या ठेकेदाराची. राजपुऱ्याच्या जुन्या वेशीच्या दरवाजापासून चौकापर्यंतचा रस्ता तिचा. तुझाच रस्ता, माय. पहाटे उठायला गेली आणि भिंत धरून खाली बसली. म्हणाली, "आई, मी फोन करून सांगितलंय," आणि गोधडीत शिरली. आता फोनने रस्ता झाडला जातो काय? मला तुझा मुकादम आठवला. आजारी पडलात तर घरातलंच माणूस बदली द्यायचं, नाहीतर जागा दुसरीला. तू तापाने फणफणलेली आणि मी परकर खोचून, माझ्याहून उंच झाडू ओढत तुझ्या रस्त्यावर. मुकादम ओरडतोय, "काय गं, माय मेली काय तुझी?" मी आपली झाडतेय. संध्याकाळी तू मला गुळाचा खडा दिलास आणि दुसऱ्या दिवशी तापातच कामावर गेलीस, कारण पोरीची हजेरी अर्धीच धरायचे.

मग मी काय करणार? सुनेचा झाडू उचलला आणि निघाले. गुडघे कुरकुरायला लागले, त्यांना म्हटलं, गप बसा, घरची जागा जाईल. दरवाजाशी हजेरी घेणारी पोरगी उभी, पँटवाली, हातात मोबाइल.

"अम्मा, हे काय?"

"सुनेची बदली."

"अहो, भाभी छुट्टीवर आहे, बीमारीची. पगार नाही कटणार, जागा पण नाही जाणार. झाडू ठेवा."

"आणि ठेकेदार ऐकेल?"

"ऐकावंच लागतं. निगमने ठेका देतानाच लिहून घेतलंय. निगमच्या माणसाला जे, ते ठेक्याच्या माणसालाही. घर चालेल एवढा पगार, अन् बीमारीत पण."

माय, या दरवाजाखालून बादशहाचे हत्ती गेले म्हणतात. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. हत्ती गेले की मागचं कोणीतरी झाडलंच असेल. पण एक बाई घरी गोधडीत झोपली आहे आणि तिची हजेरी इथे लागते आहे, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. कुठल्या खोलीत बसून कोणी ठरवलं असेल हे? त्यांच्यातल्या कोणाची माय तापात झाडायला गेली असेल का?

घरी आले तर ऊन ओट्यावर आलेलं आणि सून अजून झोपलेली. आपल्या घरात कमावती बाई दिवसाउजेडी झोपलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. उंबऱ्यातच उभी राहिले, देवळात उभी राहते तशी. मग दार हळूच ओढून घेतलं.

नात विचारते, आजी, पत्ता काय घालू? म्हटलं, मसणाचा घाल. हे कुठे जायचं नाही, माझ्या पानाच्या डब्यात राहील. पण एवढं लिही. ती पोरगी नको म्हणाली तरी दरवाजासमोरचा तुकडा मी झाडलाच. जागा जाईल म्हणून नाही. तू घरी निजली आहेस, असं धरून.