झाकणावरची नावं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दोन बाटल्या. एक शिवूची, एक माझी. दोन वर्षांपूर्वी नातीला माझी डावी किडनी दिली, तेव्हापासून दर फेब्रुवारीत माझीही तपासणी होते. तिची लघवी आता नव्या पद्धतीनं तपासतात — शरीर नवी किडनी नाकारतंय का, ते म्हणे तिच्यातच कळतं. सुई खुपसून तुकडा काढायला नको. रिपोर्ट बिघडला तरच सुई! शिवूनं हे डॉक्टरांकडून तीनदा वदवून घेतलंय. नऊ वर्षांची आहे, पण वकील.

नावं मी झाकणांवर घातली. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात लोणच्याच्या बरण्यांवर घालायचे तशीच, वळणदार. सिस्टर म्हणायच्या, अक्षर नीट तर मुलगी नीट. लेक देवानंद म्हणाला, "मम्मी, तिथं अक्षराला बक्षीस न्हाई!" मग बर्फाच्या डब्यात बाटल्या घेऊन बदनापूरहून सकाळच्या गाडीनं संभाजीनगरला गेला.

७ फेब्रुवारी

शिवूचा रिपोर्ट उत्तम! नकाराचं एकही चिन्ह नाही. लेकानं पेढे आणले. कामाच्या द्वारकाबाई भांडी टाकून आल्या — "काय जमाना आलाय बाई! ते लोक मूत बघून राह्यले, अन् आपण पेढे खाऊन राह्यलो!" सगळे हसले. शिवू नाही. पेढाही अर्धाच खाल्ला.

माझाही रिपोर्ट आला, माझ्याच मोबाइलवर. लघवीतून प्रथिनं जाताहेत, बरीच. 'त्वरित दाखवावे.' कुणाला सांगितलं नाही. शिवूला वाटेल, मला दिली म्हणून आजी आजारी पडली. परीक्षा होईपर्यंत तरी नको.

९ फेब्रुवारी

माझं जेवण अळणी केलं. बिनमिठाचं वरण! पोर दोन वर्षं हे तक्रार न करता गिळतेय. आम्ही वसतिगृहात याहून बऱ्या आमटीवरून संप केला होता.

१३ फेब्रुवारी

पायांवर सूज वाटते. चपला नव्या आहेत, हेही खरं.

१७ फेब्रुवारी

निरवानिरव सुरू. आईची पैठणी शिवूला, असं लिहून ठेवलं. लिहिताना रडू आलं. अक्षर मात्र छान आलं.

शिवूचे डोळे सकाळी सुजलेले होते. रात्रभर मोबाइल बघते म्हणून रागावले.

२० फेब्रुवारी

जेवताना माझ्या ताटाकडे बघत होती. "आजी, तू माझ्यासारखं अळणी का खातेस?"

"पोट बिघडलंय गं."

"खोटं! तुझा पण रिपोर्ट आल्ता ना?"

आणि ताटावरून उठून गेली. द्वारकाबाई म्हणाल्या, "लेकरू मनात काही तरी धरून बसलंय, ताई. इचारा जरा."

२१ फेब्रुवारी, संभाजीनगरच्या गाडीत

विचारलं. सुईच्या भीतीनं तिनं त्या सकाळी दोन्ही बाटल्यांच्या झाकणांची अदलाबदल केली होती. "तुझी चांगलीच येणार ना, आजी! आणि किडनी तर दोघींत तुझीच आहे — मंग काय फरक?"

म्हणजे मी ठणठणीत आहे. पेढे माझ्या रिपोर्टचे होते. आणि चौदा दिवस मी जपून लपवला, तो शिवूचा.

आता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. डोळे अजून सुजलेलेच. मोबाइल घरी राहिलाय.